गुळव्याची नात

"नाक धर तिचं, वैजू," आबा म्हणाले. "नाक धरलं की तोंड आपसूक उघडतंय."

मी प्रांजलचं नाक धरलं. वर्ष-सव्वा वर्षाची पोर. अंगात रक्त नाही, डोळे पिवळेजर्द, पोट टरटरून फुगलेलं. पण ओठ असे घट्ट मिटून बसली होती की मोठ्या माणसानं हार मानावी. शेवटी श्वासासाठी तिनं तोंड उघडलं आणि मी चमचा आत सारला. काकवीत कालवलेली गोळी होती. निम्मी तिनं माझ्या पदरावर थुंकली. मी ती बोटानं निपटून परत तिच्या तोंडात घातली.

"शाबास," आबा म्हणाले. मला की तिला, कोण जाणे.

आबा म्हणजे माझे सासरे, श्रीपती मगदूम. पन्हाळ्याच्या पायथ्याशी आमचं गुऱ्हाळ, आणि आबा तिथले गुळव्या. काहिलीतला रस कधी उतरवायचा ते नुसत्या बुडबुड्यांवरून ओळखायचे. हंगाम चालू असताना हा माणूस स्वतःच्या लेकीच्या लग्नात अक्षता पडायच्या वेळी धापा टाकत पोचला होता, कपाळाला राख तशीच. आणि तो ऐन हंगामात धगधगतं चुलवाण माझ्या नवऱ्यावर सोपवून पुण्यात माझ्याबरोबर येऊन बसला होता. नातीवर जीव म्हणजे काय असतो ते मी आबांकडे बघून शिकले. हे मुद्दाम आधीच सांगते, कारण पुढं त्यांच्याबद्दल वेगळंही सांगायचं आहे.

मुलांच्या त्या मोठ्या दवाखान्यात एक अख्खा मजला पोटाच्या आणि यकृताच्या आजारांचा होता. सगळ्या आया एकमेकींना पोरांच्या नावानं ओळखायच्या आणि "आज शी कुठल्या रंगाची झाली?" हे "जेवलीस का?" इतक्या सहज विचारायच्या. सकाळी सिस्टर टेप घेऊन यायची आणि शिंप्यासारखी प्रत्येक पोराच्या पोटाचा घेर मापायची. घेर कमी भरला की त्या आईचा दिवस बरा जायचा. माझा बरा जात नव्हता.

डॉक्टर केळुसकर बाईंनी मला समोर बसवून सगळं सांगितलं होतं. प्रांजलचं यकृत हळूहळू काम सोडत होतं. कारण सापडत नव्हतं. असंच चाललं तर दुसरं यकृत बसवावं लागणार होतं, म्हणजे माझ्या यकृताचा एक तुकडा. रक्तगट जुळला होता, माझ्याही तपासण्या सुरू झाल्या होत्या. ते नाही जमलं तर पोर राहणार नव्हती. बाई गोलगोल बोलत नसत.

"तुम्ही घाबरला नाहीत?" त्यांनी विचारलं होतं.

"तुकडा काय, सगळं घ्या," मी म्हणाले होते. उगाच मोठं बोलायचं म्हणून नव्हे. प्रांजलच्या आधीचा माझा मुलगा, हर्षवर्धन, दहाव्या महिन्यात काविळीनंच गेला होता.

हर्षूला कावीळ झाली तेव्हा सगळं गाव एकच सांगत होतं, उसाचा रस पाजा. काविळीला उसाचा रस, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण रस तोंडात गेला की हर्षू ओकायचा, पाय पोटाशी घेऊन किंचाळायचा. मला ते बघवेना. "त्याला सोसत नाही, मी पाजणार नाही," असं मी घरात ठणकावून सांगितलं आणि पाजू दिला नाही. तो गेला. तेराव्याला आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, भरल्या घरात म्हणाल्या, "ऊस आमचा, घाणा आमचा, आन् पोर रसावाचून गेलं. आईच वैरीण निघाली." त्यानंतर चार वर्षं त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. आणि खरं सांगू का, मला त्यांचा राग यायचा, पण त्यांचं चुकतंय असं वाटायचं नाही. मीही तेच धरून बसले होते की माझ्या हट्टापायी माझा मुलगा गेला.

म्हणून प्रांजलच्या वेळी मी थेंबही चुकवत नव्हते. गोळी काकवीतून, दूध काकवी घालून, नाचणीच्या सत्त्वात गूळ. आणि दुपारी रस. आबांचा रसवंतीवाल्यांवर विश्वास नव्हता. "पाणी मारत्यात, बरफ घालत्यात," म्हणून त्यांनी येताना एसटीच्या टपावर स्वतःच्या उसाची मोळी टाकून आणली होती. दवाखान्याबाहेरच्या रसवंतीवाल्याकडून ते चरक दोनदा धुऊन घ्यायचे आणि आपलाच ऊस पिळून घ्यायचे. तो बिचारा हात जोडायचा. मग आबा नैवेद्य देवाला न्यावा तसा तो पेला दोन्ही हातांत धरून वर आणायचे, आणि आम्ही दोघं मिळून पोरीचं नाक धरायचो.

आजार मात्र आमच्याशी लपंडाव खेळत होता. उलट्या वाढल्या की डॉक्टर तोंडानं सगळं बंद करून सलाइन लावायचे, आणि पोरगी टवटवीत व्हायची. खायला सुरू केलं की परत मान टाकायची. आबा म्हणायचे, "सलाइनीत ताकद आसतीया." मला ते पटायचं.

त्या दुपारी आम्ही असेच तिला धरून बसलो होतो. केळुसकर बाई त्या वेळी कधी यायच्या नाहीत, पण प्रांजलचा रक्ताचा रिपोर्ट फार वाईट आला होता, म्हणून त्या स्वतः चालत आल्या. पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहून आमची झटापट बघायला लागल्या. मी चमचा पुढं केला की प्रांजल मान फिरवायची, आबांनी मान सरळ केली की ओठ आत ओढून घ्यायची.

"थांबा," बाई म्हणाल्या. "काय देताय?"

"गोळी," मी म्हणाले.

"गोळी कशात घातलीय?"

"काकवीत."

आबांना हा प्रश्न आवडला. त्यांनी बाटली पुढं केली. "घरची हाय, बाई. बिनभेसळ. तुमी बी बोट लावून बघा."

बाईंनी बाटली घेतली, वास घेतला. "रोज देता?"

"तीन येळा. आन् दुपारच्याला रस."

"कसला रस?"

"उसाचा." आबांना नवल वाटलं. "काविळीला दुसरा कसला आसतोय?"

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. "आणि ही नेहमी अशीच तोंड फिरवते?"

"पयल्यापासून." आबा हसले. हा घरातला जुना विनोद होता. "गुळव्याची नात, आन् गोडाला तोंड वाकडं. उष्टावणाला खीर लावली वटाला, तर थुंकली. पेढा दिला तर माज्याच तोंडात कोंबती. आमी म्हणतो, ही पोरगी आमच्यात चुकून आली."

"दूध पिते?"

"नुसतं असलं तर पिते," मी म्हणाले.

"भात?"

"मीठ आणि तूप घालून दिला तर ताटली चाटते."

बाई माझ्याकडे वळल्या. "प्रांजलची आई, मी पहिल्या दिवशी विचारलं होतं, ही काय काय खाते. तेव्हा यातलं काहीच नाही सांगितलंत."

"खाणं विचारलं होतं तुम्ही," मी म्हणाले. "हे औषध."

त्यांनी यावर वाद घातला नाही. उठल्या, सिस्टरला हाक मारली आणि प्रांजलची लघवी तपासायला पाठवायला सांगितली. मग आमच्याकडे वळल्या. "या क्षणापासून गोड बंद. रस, काकवी, गूळ, साखर, फळं, मध, काही म्हणजे काही नाही. आमचीही दोन औषधं गोड आहेत, ती मी बदलते. ते माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं."

मला वाटलं माझ्या कानात काहीतरी बिघाड झाला. "रस बंद? कावीळ झालेल्या पोरीचा रस बंद?"

"हो."

"बाई, माझं एक पोर रसावाचून गेलंय. मी ही चूक परत करायची नाही."

"ते मला सगळं नीट ऐकायचंय," त्या म्हणाल्या. "पण आधी मला चार दिवस द्या. फक्त चार दिवस. नाहीतरी ऑपरेशनची तयारी चालूच आहे, ती मी थांबवत नाही."

त्या गेल्या. आबा म्हणाले, "शिकल्यासवरल्याली बाई हाय. तिचं ऐकू." पण त्यांचा आवाज काही ऐकणाऱ्याचा नव्हता. बाटली बाईंनी परत दिली नव्हती. दुसरी बाटली माझ्या पिशवीत लुगड्यांखाली होती, ती मी काढून दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर अंघोळीच्या पाण्याला गेली तेव्हा मी ती बाटली काढली. मला रात्रभर एकच दिसत होतं, की ही पोरगी गेली आणि तेराव्याला आक्का उभ्या राहिल्या. चमचा भरला. प्रांजल जागी होती. तिनं चमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि रडली नाही, नुसती भिंतीकडे वळून पडली. माझं लेकरू मला भीत होतं. मी तो चमचा माझ्याच तोंडात घातला आणि बाटली मोरीत रिकामी केली. ते मी डॉक्टरांवरच्या विश्वासानं केलं नाही. मला तिचं ते वळणं सोसलं नाही, एवढंच.

तिसऱ्या दिवशी उलटी झाली नाही. सुई टोचल्या जागी रक्त झिरपत राहायचं, ते थांबलं. चौथ्या दिवशी सिस्टर पोट मापायला आली तर प्रांजलनं टेपचं टोक धरून ठेवलं आणि सोडेचना. वॉर्डातल्या आया हसायला लागल्या. आबांनी तोंड फिरवून डोळे पुसले आणि सिस्टरला म्हणाले, "सोडणार न्हाई ती. मगदुमाची हाय."

आठवडा झाल्यावर केळुसकर बाईंनी आम्हा दोघांना त्यांच्या खोलीत बोलावलं. प्रांजल माझ्या मांडीवर होती. बाई हसल्या, पहिल्यांदाच. "तुमचं यकृत तुमच्यापाशीच ठेवा. हिचं स्वतःचंच कामाला लागलंय."

मला रडू फुटलं. त्यांनी मला रडू दिलं, मग समजावून सांगितलं. ऊस, गूळ, मध, फळं यांच्यात जी साखर असते ती मोडायला यकृतात एक पदार्थ लागतो. तो प्रांजलच्या यकृतात जन्मापासून नव्हता. त्यामुळं ती साखर पोटात गेली की तिचं यकृत जळत जायचं. पक्क्या तपासणीला रक्त बाहेर पाठवलं होतं, पण बाईंना शंका उरली नव्हती. दूध, भात, डाळ, भाकरी, अंडं, मटण, काहीही चालेल. गोड आयुष्यात कधीच नाही. तेवढं पाळलं तर पोरगी इतर पोरींसारखी वाढेल.

"म्हंजे ती तोंड मिटत हुती..." आबा म्हणाले.

"तिला कळत होतं," बाई म्हणाल्या. "अशी मुलं स्वतःहून गोड टाळतात."

आबांनी मान खाली घातली.

"हा दोष आईकडून आणि वडलांकडून, दोघांकडून मिळून येतो," बाई पुढं म्हणाल्या. "म्हणून मला पहिल्या मुलाबद्दल विचारायचंय. हर्षवर्धन. त्यालाही हेच असू शकतं. त्याला उसाचा रस दिला होता?"

"नाही," मी म्हणाले. "मी देऊच दिला नाही."

"अजिबात नाही?"

"सुरुवातीला दोन-चार दिवस. तो ओकायला लागल्यावर बंद केला. आजारी होता ते तीन महिने मी थेंब दिला नाही."

बाई विचारात पडल्या. "मग त्याची कावीळ कमी व्हायला हवी होती. रस नाही, काही नाही, तरी वाढतच गेली म्हणजे त्याचा आजार वेगळा असावा."

बाई पुढचं काहीतरी लिहायला लागल्या.

"दिला हुता," आबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते बाईंकडेच बघून बोलत होते.

"मी देत हुतो. रोज. संध्याकाळी त्येला खांद्यावर टाकून गुऱ्हाळावर न्यायचो न्हवं, तवा. घाण्याचा ताजा रस, बोंडल्यानं. वैजू नगं म्हणत हुती, म्हणून तिला सांगितलं न्हाई. शेवटच्या दिवसापतुर दिला."

केळुसकर बाईंनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, तुम्हाला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नसतं."

पण मला त्या क्षणी बाईंचं शहाणपण नको होतं. मला आठवत होतं की तेराव्याला आक्का बोलत होत्या तेव्हा आबा दारातच बसले होते, सुपारी कातरत. सगळं ऐकत होते.

"चार वर्षं, आबा," मी म्हणाले. "चार वर्षं तुम्ही गप्प बसला?"

"तिला कुणावर तरी राग काढायचा हुता, वैजू. मला वाटलं, बोलंल आन् मोकळी हुईल."

"माझ्यावर काढला तो राग."

"व्हय."

"एक शब्द बोलायचा होता. रस पाजला होता, तरी पोर गेलं, एवढंच. मग मी हिला नाक धरून पाजलं असतं का? हिला सोसत नाही हे मला दिसत होतं. हर्षूचंही दिसलं होतं. पण मला वाटलं, माझ्याच डोळ्यांत खोट आहे."

"मी भ्यालो," आबा म्हणाले. "पाजून बी गेला म्हणलं आसतं, तर लोकं म्हणली आसती, चोरून काय पाजलं म्हाताऱ्यानं." त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले होते. काहिलीच्या वाफेनं त्या हातांवरचे केस कधीचे गेले होते. मला त्यांची दया आली आणि ती आली म्हणून अजूनच संताप आला.

"मला सांगून उपयोग नाही," मी म्हणाले. "आक्कांना सांगा. आत्ताच्या आत्ता."

ते उठले.

दवाखान्याच्या फाटकापाशी फोनचं बूथ होतं. मी प्रांजलला कडेवर घेऊन बाहेर उभी राहिले. मी तिथं उभं राहायची गरज नव्हती, पण मला प्रत्येक शब्द ऐकायचा होता. आबांनी काचेचं दार लोटलंच नाही.

"मी बोलतोय. पोरगी बरी हाय. आपरेशन न्हाई. ऐक, मधी बोलू नगंस." त्यांनी घसा खाकरला. "हर्षूला रस मिळाला न्हाई म्हणून गेला म्हणत हुतीस न्हवं तू? मिळत हुता. मी पाजत हुतो, वैजूच्या चोरून. आन् त्या रसानंच गेला. डॉक्टरीणबाईनं सांगितलं. हिला बी त्योच रोग हाय, गोड बाधतंय. वैजूचं बरोबर हुतं. आमीच वैरी." मग त्यांनी फोन माझ्याकडे केला. "तुला द्या म्हणती."

मी घेतला. चार वर्षं मी या बाईला मनातल्या मनात काय काय सुनावलं होतं. भाकऱ्या थापताना, धुणं आपटताना. सगळं तोंडाशी येऊन उभं राहिलं.

"वैजू," आक्का म्हणाल्या.

"हं."

"पोरीला काय काय चालत न्हाई, त्ये सांग. मला नीट ध्यानात ठिवायला पायजे."

आवाज नेहमीचा, घरातलं सामान विचारावं तसा. मी सांगायला लागले. "गूळ नाही. साखर नाही. काकवी नाही."

"काकवी न्हाई," त्या म्हणाल्या.

"रस तर नाहीच. केळं, चिक्कू, कुठलंच फळ नाही."

"केळं न्हाई."

मग त्या थांबल्या.

"मध?" त्या म्हणाल्या. "मध तर चालत आसंल. मध काय गोडात धरत न्हाईत."

प्रांजलला आमच्या घरात मध कधी दिलाच नव्हता. हे तिच्यासाठी विचारलेलं नव्हतं. हर्षू आजारी पडला तेव्हा, पोराच्या अंगात ताकद यावी म्हणून, आक्का रोज सकाळी देवपूजा झाल्यावर त्याला मांडीवर घेऊन स्वतःच्या बोटानं मध चाटवायच्या.

माझा सगळा राग तिथल्या तिथं गळून गेला. मला वाटलं, चालतो म्हणावं. एवढं एक या बाईला राहू द्यावं. पण कडेवर प्रांजल होती आणि ती पुढल्या आठवड्यात त्याच घरात, त्याच मांडीवर जायची होती.

"नाही, आक्का," मी म्हणाले. "मधही नाही."